माइस्टर हार्म्स यांची सही

आमच्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारी मुलगी इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. उपग्रहांच्या कक्षा हा तिचा विषय. मागे एकदा घरी आली, दोन कप चहा प्यायली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही म्हणजे चक्क बुश पायलट होतात की, आडरानात विमानं उतरवणारे! लिहा ना त्यावर." मी म्हटलं, "अगं, बुश म्हणजे झुडूप. मी ज्या बेटांवर उतरत होतो तिथे झुडूप सापडलं असतं तर त्याच्यापुढे नारळ फोडला असता. नुसतं गवत, वाळू आणि वारा." "गेनाऊ, अगदी बरोबर!" ती म्हणाली. "हेच लिहा." या मुलांना नाही म्हणणं अवघड असतं, कारण ती ऐकतच नाहीत.

तर लिहितो. पण जन्मापासून पेन्शनीपर्यंतची जंत्री देणार नाही. छप्पन साली पुण्याहून इथे इंजिनिअरिंग शिकायला आलो, डिग्री अर्धवट सोडली, आणि उत्तर समुद्राच्या काठी पूर्व फ्रीजलंड नावाच्या सपाट मुलखात एका लहानशा कंपनीत विमानं दुरुस्त करायला आणि पुढे उडवायला लागलो, एवढं पुरे. डिग्री का सोडली याचं खरं उत्तर असं की विद्यापीठातल्या ग्लायडर क्लबच्या शेडमध्ये मला लाकूड, कापड आणि सरसाच्या वासाचं वेड लागलं, आणि थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला तो वास काही येत नव्हता. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही. मुलगा जर्मनीत विमानखात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, असं ते शेवटपर्यंत लोकांना सांगत होते.

काम काय होतं ते सांगतो. त्या किनाऱ्यासमोर बेटांची एक रांग आहे. मधला समुद्र इतका उथळ की ओहोटीला त्याचा चिखल होतो आणि बोट भरतीची वाट बघत बसते. बोटीला दीड तास लागायचा, तोही भरती असेल तर. आम्हाला बारा मिनिटं. आमच्याकडे दोन विमानं होती. उंच पंखांची, एका इंजिनाची, चालवणाऱ्याला धरून सहा माणसांची. धावपट्टी म्हणजे गवत. उतरायच्या आधी बेटावरच्या माणसाने मेंढ्या हाकलायच्या असा करार होता. त्याने हाकलल्या नसतील तर आम्ही खालून एक फेरी मारून इंजिनाच्या आवाजाने हाकलायचो. मग त्याची बायको टेलिफोन करून आमच्या मालकीणबाईंकडे तक्रार करायची, की तुमच्या माणसांमुळे मेंढ्या दूध देईनाशा झाल्या.

टपाल, वर्तमानपत्रं, बेकरीचं यीस्ट, दातांचा डॉक्टर, मतपेट्या, लग्नाचा केक, असं काय वाटेल ते आम्ही नेलं. एकदा एक बोकड नेला. प्रवासात त्याने शांत राहावं म्हणून त्याच्या मालकाने बिअरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्या शेवटी मालकच प्यायला, आणि बोकड बारा मिनिटं माझ्या मानेशी तोंड आणून शहाण्यासारखा खिडकीबाहेर बघत होता. मालकाने मात्र डोळे उघडले नाहीत.

लहान विमानात वजनाला फार मान असतो. प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करायचं, आकडा लिहायचा, बेरीज करायची. बेटावर हॉटेल चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्या काट्यावर पाय ठेवायला तयार नसत. "एकसष्ट किलो," त्या हनुवटी वर करून सांगायच्या. मी कागदावर एकसष्ट लिहायचो आणि मनात ऐंशी धरायचो. माझी ही युक्ती माइस्टर हार्म्स यांना कळली तेव्हा ते म्हणाले, "बापाट, कागदावर एक आणि मनात एक, असं विमानाला चालत नाही." माझ्या बापट या आडनावाचं त्यांनी पहिल्या दिवशीच बापाट करून टाकलं होतं. मी हसलो. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं होतं.

आता या माइस्टर हार्म्स यांच्याबद्दल. माइस्टर म्हणजे आपल्या हुन्नरात परीक्षा देऊन उस्ताद झालेला माणूस. ते आमच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. युद्धात विमानांवर काम केलेलं, मग युद्ध हरल्यावर जर्मनांना इंजिनाची विमानं उडवायला पंचावन्न सालापर्यंत बंदीच होती. त्या दहा वर्षांत त्यांनी शिलाईची यंत्रं आणि दुधातून साय वेगळी करायची यंत्रं दुरुस्त केली. बंदी उठली तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते. उंच, वाकलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दिवसाला पंधरा वाक्यं बोलायचे, त्यातलं एक सकाळी "मॉइन", म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि एक संध्याकाळी पुन्हा "मॉइन". पण इंजिन सुरू झालं की हँगरच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगायचे, की तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा पडलाय. काढून बघावा तर काळा पडलेला असायचा.

त्यांनी मला घडवलं. दुसरा शब्द नाही. फाइल कशी धरायची हे मी त्यांच्याकडे सहा आठवडे शिकलो आणि सातव्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की आता पहिल्यापासून शिकू. रविवारी ते मला घरी चहाला बोलवायचे. तिथल्या लोकांचा चहा म्हणजे धर्मच आहे. कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकायचा, त्यावर कडक चहा ओतायचा, कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. पहिल्या रविवारी मी ढवळला. माइस्टर असे बघत राहिले की चुकीचा नट पिळला असता तरी परवडलं असतं. तीन कप प्यायचेच. पुरे झालं की कपात चमचा उभा ठेवायचा, नाहीतर चौथा येतो. पुण्याच्या माणसाला चहाच्या बाबतीत कोणी आग्रह केलेला मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

विमानाच्या दुरुस्तीत एक नियम आहे आणि तो जगभर आहे. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. तपासणारा वेगळा. त्याला तिकडे प्रूफर म्हणतात. त्याच्याकडे परवाना असतो, एक गोल शिक्का असतो, आणि त्याची सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर पडत नाही. आमचे प्रूफर अर्थातच माइस्टर हार्म्स. शिवाय त्यांनी आमच्या वर्कशॉपपुरता एक रिवाज घालून दिला होता. ज्याने सही केली त्याने दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात स्वतः बसायचं. पाऊस असो, ताप असो, माइस्टर उजव्या खुर्चीत येऊन बसायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि विमान मैदानाभोवती एक रिकामी फेरी मारून खाली आलं की "इन ओर्डनुंग" म्हणून उतरायचे. सगळं ठीक, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर प्रवासी.

बासष्टच्या सप्टेंबरात मी एका विमानाच्या एलेरॉनच्या केबली बदलल्या. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी. चालवणाऱ्याने हातातला दांडा डावीकडे नेला की डावी फळी वर जाते, उजवी खाली येते, आणि विमान डावीकडे कलतं. हे सगळं दोन पोलादी केबलींवर चालतं. या केबलींची टोकं एकसारखी असतात. कुठलीही कुठेही बसते. म्हणून काढताना एकीला लाल दोरा बांधून ठेवायचा. मी बांधला होता. मग ग्रीस पुसताना सोडला, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, आणि जेवून आल्यावर मी केबली उलट बसवल्या. अगदी नीटनेटक्या, पण उलट.

माइस्टर तपासायला आले. अंगठ्याने केबलींचा ताण बघितला. जोड सुटू नयेत म्हणून ओवलेली बारीक तार बोटाने चाचपली. मग रिवाजाप्रमाणे ते विमानाच्या मागे उभे राहिले, मी आत बसलो. दांडा डावीकडे नेऊन मी "लिंक्स" म्हणून ओरडलो. "इन ओर्डनुंग," ते म्हणाले. उजवीकडे नेला. "इन ओर्डनुंग." दांडा हलवणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, बघणाऱ्यावर भरवसा ठेवायचा असतो. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि टोपी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

मैदानावर डावीकडून वारा होता. अशा वेळी दांडा वाऱ्याच्या बाजूला धरून विमान चालवत न्यायचं, म्हणजे तो पंख दबून राहतो. मी धरला, आणि पंख दबायच्या ऐवजी उचलला जाऊ लागला. आणखी धरला, आणखी उचलला. मी खिडकीतून मागे पाहिलं. दांडा डावीकडे, आणि डावी फळी खाली. तसंच उडालो असतो तर विमान सरळ करायला म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट त्याला जास्त कलवत गेली असती.

विमान थांबवलं. माझं मलाच खरं वाटेना, म्हणून म्हटलं, "माइस्टर, जरा तुमच्या बाजूची फळी बघता?" दांडा डावीकडेच होता. उजवी फळी खाली हवी होती.

त्यांनी मान पूर्ण वळवली, नीट वेळ घेतला आणि म्हणाले, "खाली आहे. हवी तशी."

फळी वर होती. ढळढळीत वर होती, आभाळावर उमटल्यासारखी दिसत होती.

त्या क्षणी मला गेल्या वर्षभरातलं सगळं समजलं. सुट्या भागांवरचे आकडे ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. "जर्मन आकड्यांचा सराव हवा तुला," म्हणायचे. मला येऊन सहा वर्षं झाली होती, स्वप्नातही मी जर्मनमध्ये मोजत होतो, आणि तरी मला कधी संशय आला नाही. कागद दिव्याशी धरणं, पायरी पायाने चाचपणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि माणूस बोटांवर आणि कानांवर काम रेटत होता.

मी काय बोलावं? मी म्हटलं, "इंजिनाचे फेरे कमी पडतायत, माइस्टर. परत नेतो." ते म्हणाले, "मला तर ठीक ऐकू येतंय." तरी मी परत नेलं. ते चहा करायला गेले तेवढ्यात केबली सुलट्या केल्या, तार पुन्हा ओवली, आणि विमानाच्या नोंदवहीत काहीही लिहिलं नाही. मग आम्ही फेरी मारून आलो. "इन ओर्डनुंग," म्हणाले आणि उतरले.

मी गप्प का बसलो याची उत्तरं मी आयुष्यभर बदलत आलो आहे. पहिलं उत्तर आमच्या घरचं. वडीलधाऱ्यांची चूक त्यांच्या तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आजोबा म्हातारपणी पंचांगातली तिथी चुकीची वाचायचे, आणि अख्खं घर एक दिवस आधी एकादशी करायचं. आई दुसऱ्या दिवशी खरी एकादशी गुपचूप वेगळी धरायची, पण अवाक्षर काढायची नाही. माइस्टरांच्या बाबतीत मी तेच केलं. शिक्का गेला की या माणसाकडे उरणार काय, असं मला वाटायचं. दुसरं उत्तर सांगायला कमी बरं वाटतं. केबली मी उलट्या लावल्या होत्या. आणि पुढच्या वसंतात प्रूफरच्या परीक्षेसाठी माझं नाव जाणार होतं, ते पाठवणार होते माइस्टर हार्म्स. त्यांचा शिक्का गेला असता तर माझी शिफारसही गेली असती. त्यांची लाज राखतोय असं म्हणत मी माझीच राखत होतो, हे तेव्हाही मला थोडंफार कळत होतं.

मग मी दुसरी एकादशी धरली. रोज सकाळी तासभर आधी यायचं आणि माइस्टरांनी सही केलेलं सगळं पुन्हा स्वतः तपासायचं. दोन्ही विमानं. मालकीणबाई फ्राउ यान्सन म्हणायच्या, "हेर बापाट, तुमच्याइतका मेहनती माणूस मी पाहिला नाही." आमचा दुसरा पायलट योखेन, नुकतं लग्न झालेला ब्रेमेनचा पोरगा, म्हणायचा, "याला घरी कोणी नाही ना, म्हणून." मी हसण्यावारी न्यायचो. चार महिने हे निभावलं.

मग बासष्ट-त्रेसष्टचा हिवाळा आला. तो ज्यांनी पाहिला ते अजून त्याच्याबद्दल बोलतात. किनारा आणि बेटं यांच्यामधलं पाणी गोठून त्याच्या फरशा एकमेकींवर चढल्या. बोट धक्क्याला अडकली ती अडकलीच. बर्फावरून चालत जावं तर खाली भरती-ओहोटी चालू. बेटांना आमच्याशिवाय कोणी उरलं नाही. दिवसाला दहा-बारा फेऱ्या, उजेड असेपर्यंत. पाव, औषधं, टपाल, लहान मुलांचं दूध. सगळ्यात आधी ओरड कशाची झाली म्हणाल, तर चहाची. एका फेरीत मी नुसता चहा नेला, आणि बेटावर माझं जे स्वागत झालं तसं पुढे कुठल्या मंत्र्याचंही झालेलं मी पाहिलं नाही. माणसं कमी, म्हणून सगळे सगळं करायचे. मी उडवायचो, योखेन उडवायचा आणि संध्याकाळी दोघंही वर्कशॉपमध्ये पाने हातात घ्यायचो. सकाळचा माझा तास कधी मिळायचा, कधी नाही.

एका दुपारी मी सप्टेंबरातल्या त्याच विमानाने यीस्ट आणि टपाल घेऊन बेटावर उतरलो आणि मागोमाग धुकं आलं. समोरची शेड दिसेना. राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं निवळलं आणि मैदानावरच्या लाकडी शेडमधला टेलिफोन वाजला. फ्राउ यान्सन होत्या.

बेटावरची सुईण बर्फावर घसरून हात मोडून बसली होती, हे मला माहीत होतं. बेकरची बायको पहिलटकरीण, तिला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या, हेही माहीत होतं. बेकर शेडबाहेर घोडागाडी घेऊन उभाच होता. त्या बेटावर मोटारी नव्हत्या. फ्राउ यान्सन म्हणाल्या, "दुसरी सुईण मिळाली. योखेन घेऊन येतोय."

"कुठल्या विमानाने?" मी विचारलं. वेडगळ प्रश्न होता. माझं विमान माझ्याजवळ होतं, म्हणजे दुसरंच.

"दुसऱ्या. काल त्याच्या शेपटीच्या केबली बदलल्या. योखेननेच बदलल्या, पहिल्यांदाच, पण छान केलं म्हणे. माइस्टरांनी सही केलीय."

शेपटीच्या केबली म्हणजे विमानाचं नाक वर किंवा खाली नेणाऱ्या. त्या उलट बसल्या तर जमिनीवर वाऱ्याने चुगली करायची वाटच नसते. जमीन सुटल्यावरच कळतं.

"रिकामी फेरी मारली का?"

"वेळ कुठाय, हेर बापाट? मूल थांबणार आहे का? माइस्टर स्वतः बसतायत की बरोबर."

मला दोन वाक्यं बोलायची होती. त्यांना दिसत नाही. विमान थांबवा. रिसीव्हर कानाला होता, लाइन स्वच्छ होती, पलीकडे बाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. आणि ती दोन वाक्यं बोललो की तिसरं विचारलं जाणार होतं, की तुला कधीपासून माहीत आहे.

"ठीक आहे," मी म्हटलं. "गुट." आणि रिसीव्हर खाली ठेवला.

पुढच्या वीसेक मिनिटांचं मी वर्णन करणार नाही. योखेन, सुईण, माइस्टर, आणि इथे शेडबाहेर घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा असलेला बेकर. तो मला म्हणाला, "थंडी वाजतेय का? आत शेडमध्ये बसा की." मी म्हटलं, हो, फार थंडी आहे. मी दक्षिणेकडे बघत होतो आणि मनात मोजत होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही, मग इंजिन ऐकू आलं, मग ठिपका दिसला. ठिपका सरळ येत होता. मैदानावर आला, वळला, उतरला. केबली बरोबर बसल्या होत्या. योखेनने खरोखरच छान काम केलं होतं.

सुईण गाडीत चढली, योखेन तिची पेटी घेऊन बरोबर गेला. मुलगी झाली, आई-मुलगी सुखरूप, हे दुपारी कळलं. माइस्टर मागे राहिले. पायाने पायरी शोधून सावकाश उतरले, "मॉइन" म्हणाले आणि शेडमध्ये स्टोव्हपाशी येऊन बसले. मी चहा केला. पहिला कप झाला. दुसरा ओतता ओतता मी त्यांना सप्टेंबरपासूनचं सगळं सांगितलं. आजचा टेलिफोनसुद्धा.

ते ऐकत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी फळी वर होती?"

"वर होती, माइस्टर."

"आणि तू म्हणालास इंजिनाचे फेरे."

"तुमचा मान राखावा म्हणून."

"माझा मान?" त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "योखेन काल म्हणाला, माइस्टर, तुम्ही बघितलंत ना, मग मी निवांत. तू माझा मान राखत होतास आणि तो पोरगा माझ्या भरवशावर बाईमाणसाला घेऊन उडाला. मी मूर्ख म्हातारा आहे. मला वाटायचं बोटांनी भागतं. आतापर्यंत कोणी म्हणालं नाही की भागत नाही. तुला तर माहीत होतं!"

मी रडलो, हे सांगायला आता या वयात लाज वाटत नाही. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते; त्यांना माझं रडणं दिसत होतं की नुसतं ऐकू येत होतं, कोण जाणे.

मग ते म्हणाले, "आल्झो, तर मग. तुझ्या विमानातली वही आण."

मी वही आणायला बर्फातून गेलो, तेवढ्यात पुढचं सांगून टाकतो. त्याच आठवड्यात माइस्टर हार्म्स यांनी स्वतः रेल्वेने जाऊन शिक्का आणि परवाना जमा केला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला, पण शिक्का त्यांनी परत मागितला नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि परीक्षा दोन वर्षांनी पुढे गेली. योखेन वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि ते बरोबरच होतं. पुढे मी प्रूफर झालो, पुष्कळ वर्षं शिक्के मारले आणि प्रत्येक सहीनंतरच्या पहिल्या उड्डाणात बसलो.

वही घेऊन आलो. "लिही," ते म्हणाले. त्यांना लिहिता आलं नसतं, म्हणून मी लिहायचं. त्यांनी सप्टेंबरातली तारीख सांगितली. ती त्यांना बरोबर आठवत होती. "एलेरॉनच्या केबली उलट बसवल्या. बसवणारा बापाट. तपासून सही करणारा हार्म्स, नजर अधू असताना. चूक उड्डाणाआधी लक्षात आली. ओळखणारा बापाट. कळवली नाही."

शेवटच्या दोन शब्दांपाशी माझं पेन थांबलं. पेन थांबल्याचं त्यांना ऐकू आलं असावं.

"लिही. तिन्ही चुकांत तीच मोठी."

मी लिहिलं. खाली दोघांची नावं लिहून सह्यांसाठी दोन ओळी आखल्या आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवणार होतो, तर त्यांनी हात मागे घेतला. डाव्या हाताने कागदाची कड चाचपली, अंतराचा अंदाज घेतला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

"ओळीवर आली?" त्यांनी विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नाही, माइस्टर," मी म्हटलं. "दोन बोटं खाली गेलीय. माझ्या जागेवर आलीय."

"गुट," ते म्हणाले, आणि पेन माझ्याकडे धरलं. "आता तुझी कर."